सातवा छेद

१

कार्यशाळेत आल्यावर पहिलं काम खिडक्या उघडण्याचं. आदल्या दिवशीचा प्लास्टर आणि रेझिनचा वास बाहेर गेला की मगच इंजिनीअरबाई संगणक सुरू करायची. रुग्णालयाच्या मागच्या अंगाला, धुलाईघराला लागून ही लांबट खोली होती. एका भिंतीला प्लास्टरचे पाय टेकवून ठेवलेले, काही गुडघ्यापर्यंत, काही मांडीपर्यंत. दुसऱ्या टोकाला तिचं टेबल आणि एका माणसाच्या उंचीचा प्रिंटर. मधला सगळा मुलूख मिस्त्रींचा, इथे कृत्रिम पाय बनवणाऱ्या जुन्या कारागिराचा.

इंजिनीअरबाई हे नावही मिस्त्रींनीच पाडलेलं. ती चोवीस वर्षांची. कॉलेज सुटून जेमतेम दीड वर्ष झालं होतं आणि जगातल्या सगळ्या चुका आपल्यालाच दुरुस्त करायच्या आहेत अशी तिला घाई होती. तिचा सगळ्यात मोठा राग तीन नंबरवर. भांडारात तयार पोटऱ्या पाच मापांत यायच्या आणि बाईमाणूस आलं की न विचारता तीन नंबर निघायचा.

"तीन नंबर म्हणजे नेमका कुणाचा पाय, मिस्त्री?"

"कुणाचाच नाही. म्हणून तर कुणी भांडायला येत नाही."

मिस्त्रींची स्वतःची पद्धत आणखी वेगळी. प्लास्टरची पट्टी भिजवण्याआधी ते माणसाला डोळे मिटायला लावत आणि विचारत, "कसा आहे तो आज? सरळ आहे, की दुमडून बसलाय?" नसलेल्या पायाबद्दल. इंजिनीअरबाईला ते ऐकताना लाज वाटायची. चाळीस वर्षं काम करून माणूस मोजायचं सोडून गप्पा कसल्या मारतो!

ती मोजायची. धडधाकट पायाचं स्कॅन काढायचं. गुडघ्याच्या खालपासून घोट्याच्या वरपर्यंत दर तीन सेंटिमीटरला एक आडवा छेद घ्यायचा, असे बारा. प्रत्येक छेदाची कड म्हणजे एक स्केच. सगळी स्केचेस आरशात पाहिल्यासारखी उलटवली की उजव्याचा डावा होतो. मग लॉफ्टची आज्ञा द्यायची. हवेत एकाखाली एक टांगलेल्या बारा कड्यांवरून कापड ताणून घ्यावं, तसा या कडांवरून पृष्ठभाग ओढला जातो आणि पोटरी तयार होते. ती बनवणार त्या पायात आतून नेहमीसारखा धातूचा पाइप नव्हता. कवचच भार घेणार. वर उरलेला पाय बसेल अशी मिस्त्रींनी बनवलेली खोबण, खाली तयार पाऊल, आणि मध्ये त्या माणसाचा, फक्त त्याच माणसाचा आकार.

पहिला पाय पोस्टवाल्या काकूंचा होता.

काकूंनी एकोणीस वर्षं टपाल वाटलं होतं. आठ महिन्यांपूर्वी रिव्हर्समध्ये मागे येणाऱ्या एका ट्रकने त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली घेतला. आता शुक्रवारी खात्याच्या डॉक्टरांसमोर त्यांना भरलेली पिशवी खांद्याला लावून शेहेचाळीस पायऱ्या चढून उतरायच्या होत्या. जमलं तर पुन्हा त्यांचा रस्ता, त्यांची दारं. नाही जमलं तर निवृत्तीपर्यंत मागच्या खोलीत बसून पाकिटं निवडायची.

"मला खुर्चीत बसवू नकोस गं," काकू पहिल्याच भेटीत म्हणाल्या होत्या. "मी बसले की बडबडते. तिथले सगळे राजीनामे देतील."

२

सोमवारी लॉफ्ट अडला.

पडद्यावर लाल पट्टी आली. छेद सहा आणि छेद सात यांच्या दरम्यान पृष्ठभाग बनवता आला नाही.

यात घाबरण्यासारखं काही नसतं. लॉफ्ट अडण्याची कारणं ठरलेली आहेत आणि ती तिला तोंडपाठ होती. एखादं स्केच केसभर उघडं राहिलेलं असतं. एका आकृतीत सोळा बिंदू आणि पुढच्यात सतरा असले, की कुठल्या बिंदूने कुठे जायचं ते ठरत नाही. आरंभबिंदू फिरलेला असला तर पोटरी पिळलेल्या फडक्यासारखी होते. नाहीतर मग नडगीवरून उतरणारी मार्गरेषा एखाद्या छेदाला शिवतच नाही.

तिने एकेक करून पाहिलं. बाराही स्केचेस बंद होती. बिंदू सगळीकडे सोळा. मार्गरेषा अकरा छेदांना शिवत होती, सातव्याला नाही. अंतर शून्य दशांश चार मिलिमीटर. सातव्या छेदाची कड नडगीच्या आतल्या बाजूला जरा आत गेली होती. वाटाण्याएवढा खळगा.

"हात हलला असेल," ती स्वतःशी म्हणाली. बिंदू ओढून मार्गरेषेवर पक्का केला, पुन्हा आज्ञा दिली. पोटरी सरसर तयार झाली, गुळगुळीत, राखाडी. तिने फाइल जतन केली आणि ती घरी गेली.

मंगळवारी सकाळी खिडक्या उघडल्या, संगणक लावला, आणि लाल पट्टी जागेवर होती.

या वेळी अंतर एक मिलिमीटरच्या वर. आणि सातव्या छेदाचा आरंभबिंदू दोन अंशांनी बाहेरच्या बाजूला फिरलेला. आठव्याचा तीन. नववा त्याहून किंचित जास्त. तिने बिंदू पक्का केल्याची खूण तशीच होती. बिंदू काल ठेवला तिथेच होता. मार्गरेषाच सरकली होती.

"मिस्त्री, काल माझ्या टेबलाला हात लावलात?"

"तुमच्या त्या उंदराला? नको रे बाबा. चावला तर इंजेक्शनं घ्यावी लागतील."

"मस्करी नका करू. फाइल बदलली आहे."

"मग तुम्हीच बदलली असेल. घाईत असता. परवा चहात मीठ घातलंत, ते मीच प्यायलो."

फाइलवर शेवटच्या बदलाची वेळ होती काल संध्याकाळी पाच चाळीस. ती स्वतः निघाली ती वेळ. म्हणजे बदल तिनेच केला, किंवा कुणीच केला नाही. तिला पहिलं पटलं, कारण दुसरं पटवून घेण्याइतकी ती मोकळी नव्हती. तिने संगणकाने आपोआप राखलेली कालची प्रत आणि आजची फाइल वेगळी काढली आणि त्यांना सोमवार, मंगळवार अशी नावं दिली.

३

दुपारी काकू खोबणीच्या मापाला आल्या. कुबड्या भिंतीला लावून बाकावर बसल्या आणि मिस्त्री प्लास्टर कालवत असताना त्यांनी सगळ्या खोलीचा समाचार घेतला.

"हे पाय असे उभे करून ठेवलेत, जशी काही शिक्षा झालीय. बसवा की त्यांना."

इंजिनीअरबाई त्यांच्या उजव्या पायाशी मांडी घालून बसली. टेप लावली. गुडघ्यापासून खाली एकोणीस सेंटिमीटर, नडगीची आतली बाजू. तिने अंगठ्याने चाचपून पाहिलं. हाड सरळ, कातडी सपाट. कसलाच खळगा नाही.

"काय शोधतेस?"

"इथे कधी काही लागलं होतं का तुम्हाला?"

"ह्या पायाला? छे." काकूंनी आपला उजवा पाय न्याहाळला. "त्या गेलेल्याला लागलं होतं. वाऱ्याने फाटक आपटलं, त्याची कडी रुतली. पाच टाके. बोट ठेवलं तर बसायचं तिथे. तुला कुणी सांगितलं?"

इंजिनीअरबाईचा अंगठा अजून उजव्या नडगीवर होता. "कुणी नाही," ती म्हणाली. "असंच विचारलं."

मिस्त्री पट्टी पिळत होते. त्यांनी वर पाहिलं नाही, पण त्यांचे हात थांबले होते.

ती टेबलाशी परतली आणि मूळ स्कॅन उघडलं. उजवा पाय. स्वच्छ, सपाट. स्कॅनमध्ये खळगा नाही, स्कॅनवरून काढलेल्या स्केचमध्ये आहे. मधल्या वाटेत फक्त एक गोष्ट घडली होती. तिने उजव्याला आरशात धरून डावा केला होता.

तिने विचार केला, आकडे पूर्णांकात आणताना चूक होते. सोळा बिंदूंत एक बिंदू आत ओढला जातो. योगायोग म्हणतात तो हाच. पाच टाक्यांची जागा आणि एका बिंदूची चूक एकाच ठिकाणी पडू शकते, बारा छेदांपैकी कुठेतरी ती पडणारच होती.

हे तिला पटलं. तिने सातवा छेद पुसला, स्कॅनवरून नव्याने काढला, आठ ते बारा सरळ केले, लॉफ्ट केला आणि चार वाजता प्रिंटर लावून टाकला. वीस तासांचं काम. धुलाईघरातली यंत्रं बंद झाल्यावर खोलीत फक्त प्रिंटरचा आवाज उरला. नळी पुढे, नळी मागे. नळी पुढे, नळी मागे. त्यात मधूनच एक ठेका चुकत होता. ती निघेपर्यंत तो मोजत राहिली. दर सातव्या फेरीला.

४

बुधवारी काकू त्या पायावर उभ्या राहिल्या आणि लगेच बसल्या.

"दुखतंय."

"खोबण घट्ट आहे का?" मिस्त्री खाली वाकले.

"खोबण नाही हो. इथे." काकूंनी हात खाली नेला आणि कवचावर बोट टेकवलं, राखाडी, सपाट, निर्जीव कवचावर. बोट जिथे टेकलं तिथे मोजायची गरज नव्हती. तरी इंजिनीअरबाईने मोजलं. एकोणीस.

"असं होतं कधी कधी," ती म्हणाली. "नसलेला अवयव दुखतो. मेंदूला सवय असते. थोडा सराव केलात की..."

"सवय मला माहीत आहे गं. आठ महिने खाजतोय तो, मी काय तुला सांगायला आले? हे तसं नाही. कुणीतरी दाबून ठेवल्यासारखं आहे. जागा नाहीये त्याला."

त्यांनी तीनदा प्रयत्न केला. तिसऱ्या वेळी ओठ पांढरे झाले. शुक्रवारला दीड दिवस उरला होता. काकू विनोद न करता निघून गेल्या, आणि तेच इंजिनीअरबाईला सगळ्यात जास्त लागलं.

मिस्त्रींनी पाय उचलून खिडकीपाशी नेला, फिरवून पाहिला.

"काम छान आहे," ते म्हणाले. "पण हा उजवा आहे."

"डावा आहे. अंगठ्याची बाजू बघा ना."

"उजवा आहे, डावीकडे लावलेला. तुम्ही त्यांना त्यांचाच दुसरा पाय दिलात, बाई. पहिल्याचं विचारलंच नाहीत."

"तो नाहीये, मिस्त्री! जो नाही त्याचं काय विचारायचं?"

मिस्त्रींनी खांदे उडवले. "मी आपला विचारतो. उत्तर येतं कधी कधी."

ती चिडून टेबलाशी आली. फाइल उघडली. सातवा छेद तिने काल नव्याने काढला होता. त्यात खळगा होता.

या वेळी तिने दुरुस्ती केली नाही. तिन्ही दिवसांच्या प्रती एकाच फाइलमध्ये आणल्या. सोमवारचे छेद निळे, मंगळवारचे हिरवे, आजचे लाल. वरचे पाच एकमेकांवर तंतोतंत बसले. सहाव्यापासून ते फाकत गेले. सातवा जरासा, नववा बोटभर, बारावा चांगला चार बोटं मागे आणि वर. निळा, हिरवा, लाल. तिने बाजूने पाहिलं आणि माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

या चुका नव्हत्या. चुका अशा एका दिशेने जात नाहीत. गुडघ्याखालून सगळं काही हळूहळू मागे उचललं जात होतं, एक टप्पा दर दिवशी. आपण रोज त्याला सरळ करत होतो, आणि तो रोज जिथे थांबवला तिथून पुढे जात होता. लॉफ्ट अडत होता, कारण वरचे छेद तिने उभ्या पायाचे ठरवले होते आणि खालचे उभे राहायला तयार नव्हते.

तिने मार्गरेषा काढून टाकली. बिंदूंची बंधनं काढली. काहीच न जुळवता, बारा छेद जसे होते तसे निवडले आणि आज्ञा दिली.

एकही तक्रार न करता पृष्ठभाग तयार झाला. पोटरी ताणलेली होती, स्नायू वर चढलेला, माणूस पाऊल टाकताना चढतो तसा. नडगीवर वाटाण्याएवढा खळगा. बाराव्या छेदाशी तिने काही काढलं नव्हतं. तिथे आकार संपायला हवा होता. तो संपला होता, पण पडद्याच्या खालच्या कडेशी, घोटा जिथे असता त्याच्याही खाली, करड्या पार्श्वभूमीत एक जागा थोडी जास्त काळी होती. लांबट. पुढे पाच ठिकाणी गोलाई. ती चेहरा जवळ नेऊन पाहायला लागली, तेवढ्यात पडदा विश्रांतीला गेला आणि काचेत तिचाच चेहरा उरला.

तिने माउस हलवला. घोट्याखाली काही नव्हतं.

हे छापायचं नाही, असं तिने दोनदा ठरवलं. मग तिला काकूंचे पांढरे ओठ आठवले, आणि मागच्या खोलीतली ती खुर्ची. तिने प्रिंटर लावला.

५

गुरुवारी मिस्त्रींनी तो पाय जोडायला घेतला आणि दोनदा सुटा केला.

"हा उभा राहत नाही, बाई. टाच टेकत नाही याची. निघालेला पाय आहे हा."

"पाऊल जरा तिरकं बसवा ना. होईल."

"होईल," मिस्त्री म्हणाले. "तुम्ही म्हणता तर होईल." त्यांनी पाऊल तिरकं बसवलं, स्क्रू पिळले, आणि एरवी पूर्ण झालेल्या कामावर ते जी थाप मारायचे ती न मारता हात पुसले.

काकूंनी पाय चढवला, बाकाची कड धरून उठल्या. काकूंच्या चेहऱ्यावरची एकेक रेघ सैल होत गेली.

"अगं, आहे की!" त्या कुजबुजल्या. "आहे हा."

त्या चालल्या. टेबलापासून दारापर्यंत, दारापासून टेबलापर्यंत. कुबड्या नाहीत, लंगडणं नाही. आठ महिन्यांनी पहिल्यांदा चालणारी बाई अशी चालत नाही. मिस्त्रीसुद्धा हातातलं काम सोडून पाहायला लागले.

"पुरे आता, काकू. थांबा."

"थांबते, थांबते." त्या हसत होत्या. आणखी दोन पावलं गेली. "थांबते गं." आणखी एक. मग त्यांनी भिंतीला हात टेकला आणि थांबल्या. हसू तसंच होतं, पण डोळे खाली, डाव्या पायाकडे गेले होते.

इंजिनीअरबाईने ते पाहिलं. तेव्हाच बोलायला हवं होतं. ती म्हणाली, "उद्या अकरा वाजता. मी येते बरोबर."

६

डॉक्टरांची खोली तिसऱ्या मजल्यावर, पायऱ्या बरोबर शेहेचाळीस. काकू पिशवी खांद्याला लावून चढल्या, उतरल्या, पुन्हा चढल्या. जिना पाहायला उभा असलेला शिपाई म्हणाला, "बाई, मला धाप लागली तुम्हाला बघून."

डॉक्टर पन्नाशीचे, थकलेले, भले गृहस्थ. "जमिनीवरच्या त्या रेषेवर उभ्या राहा. दोन्ही पाय जुळवून. मी लिहून घेतो."

काकू उभ्या राहिल्या. खोलीत पंख्याचा आवाज आणि पेनची कुरकुर. इंजिनीअरबाई दाराशी होती, तिला काकू बाजूने दिसत होत्या. उजवा पाय रेषेवर. डावा पाय रेषेवर.

डाव्याची टाच उचलली गेली.

हळू, अजिबात घाई नसल्यासारखी. गुडघा किंचित वाकला. काकूंनी टेबलाची कड धरली, बोटांची पेरं उठून दिसली. डॉक्टर लिहीत होते. टाच वर राहिली, वाट पाहत.

"इंजिनीअरबाई," काकू अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "जरा हात दे गं. बूट सैल झालाय."

ती गेली. काकूंचा दंड धरला आणि पायाची ओढ तिच्या खांद्यापर्यंत पोचली, भरलेली गाडी उतारावर धरून ठेवावी तशी.

"अभिनंदन," डॉक्टर म्हणाले आणि कागद पुढे केला. "रस्त्यावरच्या कामासाठी पात्र. सोमवारी रुजू व्हा."

जिना उतरून दोघी बाहेर आल्या. रस्त्यावर ऊन होतं, दुकानं उघडी होती, एक माणूस काच पुसत होता. चौकात काकूंचं घर उजवीकडे. त्या डावीकडे वळल्या.

"काकू, तुमचं घर तिकडे."

"माहीत आहे मला."

"मग बसा इथे कट्ट्यावर. मी काढते तो. आत्ता काढते."

"नको." काकूंनी कागदाची घडी छातीशी धरली होती. "काढलास तर परत घालू देशील?"

इंजिनीअरबाईला खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं सांगायचंही नव्हतं.

"नाहीच देणार," काकू म्हणाल्या. "मग मी सोमवारी काय घालून जाऊ? आणि दुखत नाहीये गं. आठ महिन्यांत पहिल्यांदा काही दुखत नाहीये."

रस्ता अरुंद होत गेला. दुकानं मागे राहिली. आता दोन्ही बाजूंना उंच, बिनखिडक्यांच्या भिंती, आणि दारं जरा लांब लांब. पावलांचा आवाज भिंतींवरून परत येत होता. उजवं पाऊल मागे पडत होतं. डावं पडत नव्हतं.

"या बाजूला काय आहे, काकू?"

काकूंनी जरा विचार केला. त्यांच्या कपाळावर घाम होता, पण आवाज रोजचाच.

"काय माहीत. एकोणीस वर्षांत इकडचं एकही पत्र माझ्याकडे आलं नाही. मी इकडे कधी आलेलीच नाही."

आणि त्या चालत राहिल्या. इंजिनीअरबाईने दंड आणखी घट्ट धरला. त्यांना थांबवायचं होतं. पण दहा-बारा पावलांनंतर तिच्या लक्षात आलं की आपल्या हाताला आता ओढ लागत नाही, आपण अडवायचं केव्हाच सोडून दिलं आहे, आणि आपलं डावं पाऊल काकूंच्या डाव्या पावलाबरोबर पडतं आहे.